तळ्यावरचं चूलबंद आवतन

तालुक्यातली शिकलीसवरली माणसं खडकसांगवीच्या तळ्यावर पालं ठोकून राहायला येणार, ही बातमी पंचशीलानं आणली तेव्हा कोंडाबाई अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. तिच्या हातातलं सूप जागच्या जागी थांबलं.

"काय म्हणलीस? पालात राहणार? कशापायी? घरं पडली का त्यांची?"

"घरं हायत की आत्याबाई, पक्की हायत. हौसेनं येऊलालेत. अन् पाल न्हाई, तंबू. कॅम्प म्हणत्यात त्याला."

"गाढवावर झूल घातली म्हणून त्याचा नंदी होत न्हाई. कापडाचं घर अन् आभाळाचं छत, त्याला आमच्यात पालच म्हणत्यात." कोंडाबाईनं सूप खाली ठेवलं. तोंडानं ती असं बोलत होती, पण डोळे भलतंच बोलत होते. सासूचे डोळे पंचशीलाला वाचता येत. बालवाडीतल्या पोरांना शिकवता शिकवता तिला हे शिक्षण फुकटात मिळालं होतं. "हौसेनं म्हणलीस न्हवं? खरंच हौसेनं?"

"हौसेनं. पोरंबाळं घेऊन."

कोंडाबाई उठली, पदर खोचला आणि तडक पाळूवर गेली.

पाळू म्हणजे तळ्याची मातीची भिंत. बहात्तरच्या दुष्काळात ती बांधली. त्या साली विहिरींनी तळ दाखवले, बांधावरची झाडं उभ्या उभ्या वाळली आणि अख्खं गाव सरकारी कामावर खडी फोडायला, माती उचलायला उतरलं. कामापाशीच पोत्यांची, चिंध्यांची पालं पडली. बायांच्या टोळीची मुकादमीण होती कोंडाबाई. शाळेची पायरी तिनं चढली नव्हती, सही रात्रीच्या वर्गात शिकली होती, पण तिची जीभ चालली की शंभर पाट्या आपोआप चालत. त्याच कामावर एक दिवस किशनराव पाटलाची बायको केवळाबाई आली, तोंडावर पदर ओढून. पाटलाच्या घरातली बाई मातीच्या कामावर! कोणी बघितलं न बघितलं केलं. कोंडाबाईनं मात्र सरळ तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, वर पाटी दिली आणि म्हणाली, "लाजू नको बाई. दुष्काळाला आळ्या वळखू येत न्हाईत." दुपारी सगळ्या बाया एका ओळीनं बसून रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात. पाटलीण, कोंडाबाई, नागुबाई, गुरवाची सून, सगळ्या. कोणाच्या भाकरीला कोणाचा हात लागला हे बघायला कोणाला सवड नव्हती.

मग पाऊस झाला. तळं भरलं आणि पंगत मोडली. जो तो आपापल्या आळीत गेला.

आणि तळ्याला नाव पडलं, दुष्काळी तळं. सोयरीक बघायला आलेले पाहुणे विचारायचे, "त्या दुष्काळी तळ्याचंच गाव न्हवं हे?" माणसं तळ्यावर यायची ती म्हशी धुवायला, गोधड्या आपटायला, राख सोडायला. कोणी नुसतं बसायला, हसायला म्हणून आलं नव्हतं. हे कोंडाबाईच्या जिवाला लागून राहिलं होतं. तिला वाटायचं, आपण इतकी माती वाहिली ती काय फक्त दुःख साठवायला? या पाण्याकाठी एकदा तरी कोणी उगाच, काही काम नसताना यावं. येऊन म्हणावं, वा, काय जागा हाय!

आता ते येणार होते.

*

त्याचं असं झालं होतं. लातूर नवा जिल्हा झाला, उस्मानाबादचे हेलपाटे सुटले. तालुक्याला कचेऱ्या वाढल्या, कारकून वाढले, त्यांची बिऱ्हाडं वाढली. रविवारी पोरांना घेऊन कुठं जावं, तर एक बसस्टँड आणि एक आडत बाजार. म्हणून नगरपालिकेनं ठरवलं, जवळच्या एखाद्या तळ्यावर गावाच्या भागीदारीत सोय करायची. तंबू, होडी, दिवे, झाडं, घसरगुंडी नगरपालिकेची. काठची गायरान जागा, राखण आणि रांधणं गावाचं. चालवायचं दोघांनी मिळून. दोन तळी त्यांच्या मनात होती, एक खडकसांगवीचं आणि एक वडगावचं.

अध्यक्षसाहेब चावडीवर येऊन स्पष्टच बोलून गेले होते. "तळी दोन्ही चांगली आहेत. पण आम्हाला नुसतं पाणी नको, सोबत गाव पाहिजे. शनिवारी दहा-बारा कुटुंबं घेऊन मुक्कामाला येतो. संध्याकाळी अख्ख्या गावानं आमच्यासोबत तळ्यावर जेवायचं. गाव आलं तर काम इथं. नाही आलं तर समजू, गावाच्या मनात नाही. मग वडगाव."

"अख्खं गाव म्हणजे?" कोंडाबाईनं मागून विचारलं होतं.

"अख्खं म्हणजे अख्खं, आजी."

"आजी असंल तुमच्या घरी. पण बोललात ते बरं बोललात."

त्या दिवसापासून कोंडाबाईच्या पायाला भिंगरी. तिनं सगळ्या आळ्यांतल्या बाया गोळा केल्या. किशनराव सरपंच होता, म्हणून केवळाबाईही आली. काठावरची वेडी बाभूळ तोडली, काटे गोळा करून जाळले, दगड चुन्यानं रंगवले. कोणी जरा टेकलं की कोंडाबाईचा आवाज पाण्यावरून घुमून यायचा, "नागुबाई, कंबर मोडली का मन मोडलं? कंबर मोडली असंल तर बस, मन मोडलं असंल तर घरी जा!"

नगरपालिकेचे ओव्हरसियर नरसिंगराव ट्रकभर सामान घेऊन आले. भला माणूस, पण कोंडाबाईसमोर त्यांची फाईल हातातल्या हातात घामेजून जायची. तंबू उभे राहायला लागले तसं गाव काम सोडून बघत बसलं. पिवळे, निळे, हिरवे. आणि बाजूला एक उभट, अरुंद, माणूसभर उंचीचा.

"साहेब, हे एवढं पाल कोणाचं? ह्यात तर माणूस उभ्यानंच झोपंल."

नरसिंगराव अवघडले. "ते... संडास आहे, मावशी."

"अगं माय!" कोंडाबाईनं तोंडाला पदर लावला. "ह्यांचा संडास बी तंबूत! अन् आमच्या पोरी अजून अंधार पडायची वाट बघत्यात. साहेब, असले चार गावाला बी द्या, मग म्हणा भागीदारी."

"लिहून घेतो," नरसिंगराव म्हणाले आणि खरंच लिहून घेतलं.

स्वयंपाक काय करायचा यावर पंचशीलानं डोकं चालवलं. येळवस नुकतीच होऊन गेली होती. त्या अमावस्येला सगळा मुलूख शेतात जाऊन खोप घालतो, हिरव्या शेंगा-पालेभाज्यांच्या दाट भज्जीवर आणि ताकातल्या आंबिलीवर ताव मारतो. ती म्हणाली, "आत्याबाई, येळवस म्हणजे दुसरं काय हाय? कॅम्पच की. तेच जेवण ठिवू. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर."

"सुनबाई," कोंडाबाई म्हणाली, "कधी कधी तू माझीच पोरगी वाटतीस." यापेक्षा मोठी पदवी त्या घरात कोणाला मिळाली नव्हती.

*

शनिवार उजाडला. दुपारपासून काठावर चर खणून चुलवण पेटलं. केवळाबाई भज्जीच्या कढईवर, नागुबाई बाजरीचे उंडे वळायला, आंबिलीची मातीची बिंदगी ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत. उन्हं कलली तसे तालुक्याहून दोन मेटॅडोर आणि एक जीप आली. त्यातून बाया उतरल्या, पोरं उतरली, कॅरमबोर्ड उतरला, एक म्हातारे गृहस्थ ट्रान्झिस्टर छातीशी धरून उतरले. पोरं पाणी बघून वेडी झाली. होडीत पहिली खेप बसली आणि अशी किंचाळली, की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

कोंडाबाई पाळूवर कमरेवर हात ठेवून उभी होती. तिचा चेहरा असा फुलला होता की नागुबाई म्हणाली, "हिला आज दृष्ट लागंल."

"लागू दे. लई दिवस कोणाची लागली न्हाई."

अध्यक्षसाहेबही आले. सतरंज्या पसरल्या. पत्रावळींचे ढीग लागले. आणि मग सगळे गावाच्या वाटेकडं बघायला लागले.

वाट रिकामी.

थोडा वेळ गेला. अजून थोडा. वाटेवर एक शेळी आली, तिनं इकडंतिकडं बघितलं आणि परत गेली. स्वयंपाकाच्या बाया सोडल्या तर गावातलं काळं कुत्रं तळ्यावर फिरकलं नव्हतं.

"किशनराव," कोंडाबाई म्हणाली, "गावाला सांगितलं न्हवं?"

"सांगितलं म्हणजे! कोतवालाकडून दवंडी पिटली. सकाळी एकदा, दुपारी एकदा."

"जा गं पंचशीला, बघून ये. सगळे मेले का काय?"

पंचशीला पळत गेली आणि पळतच परत आली. धाप लागलेली, हसावं का रडावं ते न कळणारी. "आत्याबाई, सगळे तयार हायत! न्हाऊन-धुऊन, ठेवणीतली लुगडी नेसून, वट्ट्यावर येऊन बसलेत. तुळजाबाईनं तर नथ घातलीय. दुपारपासून कोणी चूल पेटवली न्हाई."

"मग येत कामून न्हाईत?"

"आवतन न्हाई म्हणत्यात."

किशनरावानं कपाळाला हात लावला. "अहो दवंडी..."

"तेच म्हणाले मी. तर तुळजाबाई मलाच म्हणल्या, दवंडी गुरांच्या लसीला असती, पट्टी वसुलीला असती. जेवायला दवंडीनं जायला आम्ही काय रेशनच्या लाईनीत हाव? आपल्या आळीत बी तेच. पारावर बसलेली म्हातारी माणसं म्हणाली, बोलावल्याबिगर कोणाच्या पंगतीला जायाचे दिवस आता गेले."

आता यात चूक कोणाची म्हणावी? या मुलखात माणूस उपाशी राहील, पण आवतनाशिवाय ताटावर बसणार नाही. दारात येऊन, नाव घेऊन, "आमच्याकडं जेवायला या" म्हणावं लागतं. देवळाच्या जेवणाचं आवतन गुरव देतो, पण ते त्याच्या त्याच्या आळ्यांना. बौद्ध वस्तीतल्या लग्नाचं आवतन वस्तीपुरतं. साऱ्या गावाला एकच आवतन द्यायची वेळ खडकसांगवीवर कधी आलीच नव्हती, कारण साऱ्या गावाची एक पंगत कोणी कधी मांडलीच नव्हती. त्यामुळं ते कोणी द्यायचं, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. जो तो समजून होता की दुसरा कोणी देईल.

नरसिंगराव लगबगीनं आले. "सरपंच, साहेब विचारतायत. गावाच्या मनात नसेल तर तसं सांगा, म्हणाले. राग नाही. उजेड आहे तोवर तसंच पुढं वडगावचं तळं बघून घेऊ. जीप वळवून ठेवायला सांगितलीय."

किशनरावाच्या कपाळावर घाम आला. आणि घाबरलेल्या माणसाची जीभ जिथं जाऊ नये तिथंच जाते. तो कोंडाबाईकडं वळला. "कोंडाबाई, तुम्हीच काही तरी करा. न्हाई म्हणजे, गावात हाळी द्यायची रीत पहिल्यापासून तुमच्याच घराकडं..."

पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

चुलीपाशी केवळाबाईची पळी थांबली. नागुबाईनं उंडा तसाच हातात धरला.

कोंडाबाईचा सासरा पंढरी या गावचा येसकर होता. हातात घुंगराची काठी घेऊन आळीआळीनं फिरायचा, प्रत्येक दारासमोर खाली, रस्त्यावर उभा राहायचा आणि ओरडायचा, पाटलानं चावडीवर बोलावलंय हो! वट्ट्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. मग तो नागपूरला जाऊन आला, बौद्ध होऊन आला. दुसऱ्या दिवशी त्यानं ती काठी चावडीत नेऊन टेकवली आणि म्हणाला, "आता ज्याला बोलवायचं त्यानं आपल्या पायानं जावं." कोंडाबाईचा लेक व्यंकटी तेव्हा तिच्या कडेवर होता. तिनं ते डोळ्यांनी बघितलं होतं. त्यानंतर त्या घरातल्या कोणी कोणाचा निरोप कोणाच्या दाराशी नेला नव्हता. शेजारच्या बारशाचासुद्धा.

"किशनराव," कोंडाबाई अगदी हळू म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "हाळी द्यायला तुमच्या पायाला मेंदी लागलीय का?"

"चुकलो. पण माझं ऐका. मी गेलो तर आमची आळी म्हणंल पाटलाचं जेवण हाय, बाकीचे येणार न्हाईत. अन् तुमच्या वस्तीत मी मत मागायला सोडून कधी आलोय? कोणत्या तोंडानं येऊ?"

"ज्या तोंडानं मतं मागता त्याच तोंडानं."

ती पाठ फिरवून पाळूवर जाऊन बसली. खाली जीपचं इंजिन सुरू झालं होतं. गेलं. वडगावला गेलं. तिथल्या तळ्यावर पोरं किंचाळणार, तिथं दिवे लागणार, आणि हे राहणार दुष्काळी ते दुष्काळी. का, तर खडकसांगवीला कोणी बोलवायचं हे ठरेना! एक हाळी दिली तर वाचतं. एकच. पण ती हाळी दिली की पंढरीनं टेकवलेली काठी आपल्या हातानं परत उचलल्यासारखं होणार. तिनं ओठ दातात धरला.

तेवढ्यात निळ्या तंबूपाशी तिची नजर गेली. तालुक्याहून आलेल्या बाया तिथं घोळका करून उभ्या होत्या. भज्जीचा वास सगळ्या काठावर पसरला होता, त्यांची पोरं आयांचे पदर ओढत होती, आणि आया दटावत होत्या. एकीनं पंचशीलाला जवळ बोलावून हळूच विचारलं, पण वाऱ्याच्या तोंडावर बसलेल्या कोंडाबाईला ते ऐकू आलं.

"अहो, आम्ही जेवायला कधी यायचं? तिकडं कोणी बोलावलं नाही अजून. असंच कसं जाऊन बसायचं?"

कोंडाबाई ताडकन उठली.

म्हणजे ह्या बी बसल्यात वाट बघत! गाव वट्ट्यावर बसलंय वाट बघत, शहर तंबूत बसलंय वाट बघत. सगळेच पाहुणे? मग यजमान कोण? तळं कोणी बांधलं? चूल कोणी पेटवली? ज्याची चूल त्याचं आवतन, हे शेंबड्या पोराला कळतं!

"पंचशीला! त्या जीपवाल्याला सांग, इंजिन बंद कर. तेल काय फुकट आलंय?" ती पाळूवरून उतरता उतरता ओरडली. "अन् किशनराव, कान उघडे ठिवून ऐका. हाळी दुसऱ्याच्या हुकमानं, रस्त्यावरून देत्यात. ती म्या देणार न्हाई, मेले तरी. पण आवतन आपल्या घरचं असतं, वट्ट्यावर चढून, दारात उभं राहून देत्यात. ते म्या देणार. माझ्या नावानं. साऱ्या गावाला."

मग चुलीपाशी पळी खाली ठेवल्याचा आवाज झाला. केवळाबाई हात पुसत उठली होती.

"मी बी येते."

"तुम्ही? घरोघर? पाटलीणबाई, पाय दुखतील."

"पाटी उचलली तेव्हा दुखले का? चल, जास्त बोलू नको. दिवस चाललाय. नागुबाई, भज्जी करपू देऊ नको."

*

पहिलं घर तुळजाबाईचं. गावातली सगळ्यात जुनी, सगळ्यात ताठ म्हातारी. नथ घालून, पाय पसरून, खांबाला टेकून वट्ट्यावर बसली होती. कोंडाबाई रस्त्यावर आली. एक पाय वट्ट्याच्या पायरीवर ठेवला. ह्याच पायरीखाली तिचा सासरा उभा राहायचा. क्षणभर पाय जड झाला. मग तिनं दुसरा पाय उचलला आणि वर चढून थेट उंबऱ्यापाशी उभी राहिली.

तुळजाबाईनं खालून वर बघितलं. "कोणाचं आवतन घिऊन आलीस गं?"

"कोणाचं न्हाई. माझं हाय. व्यंकटीची माय, कोंडाबाई. आज तळ्यावर माझ्याकडं जेवायला यायचं."

तुळजाबाईनं तिच्या मागं उभ्या असलेल्या केवळाबाईकडं बघितलं. केवळाबाई म्हणाली, "तिकडं काय बघता काकू? आवतन ती देऊलाली. मी तिच्या सोबतीनं आले."

शेजारच्या दारांतून माना बाहेर आल्या. म्हातारी काय म्हणते याकडं सगळ्या आळीचे कान. ती उठली तर आळी उठणार, ती बसली तर आळी बसणार. तुळजाबाईनं नथ जरा सारखी केली.

"एकटीला का घरातल्या सगळ्यांला?"

"चूलबंद," कोंडाबाई म्हणाली. "घरात आज चूल पेटायची न्हाई. लेकरं, सुना, पाव्हणं, कुत्रं सुद्धा."

"मग आधी येऊन सांगायला काय झालं होतं गं भवाने?" तुळजाबाई खांबाला धरून उठलीच. "दुपारपासून नथ घालून बसले. नाक तुटायची पाळी आली! आगं ये सुने, कडी लाव दाराला. चूलबंद आवतन आलंय!"

आळी अशी फुटली की जसा पाटाचा बांध फुटावा. कोंडाबाई पुढच्या दारात पोचायच्या आधीच माणसं बाहेर येत होती, पण तिनं एक दार सोडलं नाही. "थांबा, थांबा! आवतन घेतल्याबिगर कोणी हलायचं न्हाई! परत म्हणाल, बोलावलं न्हाई!" गुरवाच्या वट्ट्यावर चढली, वाण्याच्या चढली, सुताराच्या चढली. प्रत्येक वट्ट्यावर तिचा आवाज एक पट्टी वर जात होता.

वस्तीत आल्यावर ती मागं थांबली. "आता तुमची पाळी, पाटलीणबाई. इथं तुम्ही द्या."

"मी? मला कुठं येतं?"

"तोंड हाय न्हवं? भज्जी चाखताना तर लई चालत होतं."

नागुबाईच्या दारात केवळाबाई उभी राहिली. घरात नागुबाईचा म्हातारा नवरा, भीमा, धुतलेला सदरा घालून बसला होता. केवळाबाईनं डोक्यावरचा पदर सावरला, घसा खाकरला. "ते... भीमाभाऊ... तळ्यावर... म्हणजे ते आमच्या... आपल्या..."

"पाटलीणबाई," भीमा बसल्या जागेवरून म्हणाला, "उंबऱ्याबाहेरून दिलेलं आवतन आमच्यात धरत न्हाईत. आत या, पाणी प्या, मग बोला."

केवळाबाई कोंडाबाईकडं बघायला लागली. कोंडाबाई आभाळाकडं बघायला लागली. मदत मिळणार नव्हती. केवळाबाई आत गेली, दिलेला तांब्या घेतला, घटाघटा प्याली आणि मोकळ्या आवाजात म्हणाली, "भीमाभाऊ, चूलबंद आवतन हाय. कोंडाबाईचं अन् माझं. यायचं."

"हाव, आता आलं आवतन," भीमा म्हणाला आणि वहाणा शोधायला लागला.

*

सूर्य डोंगराच्या चांगला हातभर वर असतानाच खडकसांगवीची वाट भरून वाहायला लागली. पुढं नथवाली तुळजाबाई, मागं अख्खं गाव. कडेवर लेकरं, बगलेत तांबे. तळ्यावरच्या माणसांनी ते बघितलं आणि तंबूंपाशी टाळ्या सुरू झाल्या. ट्रान्झिस्टरवाल्या आजोबांनी ट्रान्झिस्टर बंद केला आणि उभे राहिले.

कोंडाबाई थांबली नाही. ती गर्दीतून तशीच तंबूंकडं गेली आणि एकेका तंबूच्या तोंडाशी वाकून म्हणायला लागली, "जेवायला चला, माय. चला, लेकरं भुकेजली. माझं आवतन हाय." तालुक्याच्या बाया हसत, लाजत बाहेर आल्या. उभट तंबूपाशी तिचे पाय आपोआप थांबले, तेव्हा पंचशीलानं तिचा हात ओढला. "आत्याबाई, तिथं न्हाई!"

शेवटी ती अध्यक्षसाहेबांसमोर आली. ते जीपला टेकून उभे होते. नरसिंगरावांनी त्यांच्या कानात काही तरी सांगितलं असावं, कारण त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि हात जोडले.

"बाई, एक विचारतो. आम्ही इथं पाहुणे का भागीदार?"

"जेवूस्तोवर पाव्हणे," कोंडाबाई म्हणाली. "जेवल्यावर भागीदार. अन् भागीदाराला भांडी घासावी लागत्यात."

अध्यक्षसाहेब मोठ्यानं हसले. "नरसिंगराव, जीपची किल्ली काढून घ्या. वडगावला आता आपण नाही जायचं."

"तसं न्हाई साहेब," कोंडाबाई म्हणाली. "वडगावला जायचं. त्यांना बी पुढच्या शनिवारचं आवतन द्यायला जायचं. एवढं मोठं पाणी हाय, आम्ही काय एकट्यानं बघत बसावं?"

पंगत बसली. कोणी बसवली नाही, जागा मिळंल तशी बसली. तालुक्याच्या कारकुनाशेजारी भीमा, भीमाशेजारी गुरव, त्याच्या पलीकडं चष्मेवाली मास्तरीण आणि तिच्या मांडीला मांडी लावून तुळजाबाई. म्हातारी तिला उंडा भज्जीत कसा कुस्करायचा ते शिकवत होती. "बोटं वापर गं, बोटं! चमच्यानं चव लागत न्हाई." मास्तरीण बोटं चाटून म्हणाली, "वा, काय जागा आहे तुमची!"

ते कोंडाबाईनं ऐकलं. ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग कोणाला दिसायच्या आत तोंड फिरवून ओरडली, "ह्या ओळीला पाणी कोण वाढणार? किशनराव! सरपंच झालात म्हणून काय बसायचं? घागर उचला!"

आणि किशनराव पाटलानं घागर उचलली. एकानं हसून म्हटलं, "पाटील, जपून, सदरा भिजंल." किशनराव म्हणाला, "भिजू दे. यजमानीणबाईचा हुकूम हाय."

शेवटची पंगत उठली तेव्हा पाण्यावर नुसती लाली उरली होती. होडी पुन्हा निघाली होती आणि या खेपेला तिच्यात गावच्या बायाही बसल्या होत्या, एकमेकींना धरून, हसून हसून बेजार. कोंडाबाई रिकाम्या कढईपाशी येऊन बसली. केवळाबाईनं तिच्यासमोर पत्रावळ टाकली.

"बस. आता मी वाढते."

"उरलंय का काही?"

"तुझ्या जिभेला पुरंल एवढं उरलंय."

"मग लई हाय," कोंडाबाई म्हणाली. "चल, तू बी बस इथं. एकटीला वाढू नको."

केवळाबाईनं दुसरी पत्रावळ ओढली. होडीतून नागुबाईचा आवाज आला, "कोंडाबाई, ये की! लई मजा हाय!"

"जेवून येते!" कोंडाबाई तोंडात घास घेऊनच ओरडली. "मला सोडून पलीकडं जाऊ नका!"